ओसरीवरचा आमदार

निवडून आली माझी बायको आणि पहिला हार पडला माझ्या गळ्यात. मतमोजणी केंद्राबाहेर गुलाल सुरू झाला होता, हलगी वाजत होती, आणि कोणीतरी मागून येऊन झेंडूचा जाडजूड हार माझ्या डोक्यावरून खाली सोडला. मागोमाग दुसरा, मग तिसरा. चौथ्या हारानंतर मला समोरचं दिसेना. ती शेजारीच उभी होती, पदर खोचून, एकाही हाराविना. मी घाईघाईनं हार काढून तिला द्यायला लागलो, तर हळूच म्हणाली, "राहू द्या की. शोभून दिसून राह्यले तुम्ही."

मला ते कौतुक वाटलं. छत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो आणि कौतुक एकदाच, निरोपसमारंभाच्या दिवशी ऐकलं होतं. त्यामुळं त्या विषयात मी कच्चा होतो.

तिला तिकीट कसं मिळालं, ते सांगायला पाहिजे. ती पंचायत समितीची सभापती होती, महिला राखीवमुळं. बोलायची कमी, त्यामुळं तिचा कोणाला धाक नव्हता. तालुक्यात पुढारी दोन. त्यांची नावं घेत नाही, एकाला थोरले म्हणतो, दुसऱ्याला धाकटे. दोघांनाही आमदार व्हायचं होतं आणि त्याहून जास्त, दुसऱ्याला होऊ द्यायचं नव्हतं. वरचे लोक कंटाळले आणि म्हणाले, दोघांनाही चालेल असं एक नाव द्या. दोघांनी एकच नाव दिलं, माझ्या बायकोचं. एकमेकांना न विचारता. कारण दोघांच्या डोक्यात एकच होतं: बाई नावाला, कारभार गुरुजी बघणार, आणि गुरुजी म्हणजे आपलाच माणूस.

थोरले सकाळी आले. ओसरीवर मांडी घालून बसले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "गुरुजी, ताईंना बिलकुल त्रास द्यायचा न्हाई. सही कुठं करायची तेवढं तुम्ही दाखवा. बाकी मी आहे."

मी म्हणालो, "हो."

दुपारी धाकटे आले. ते खुर्चीवर बसले. "वहिनींना काय कळणार या भानगडीतलं? तुम्ही अन् मी बघू. बराबर?"

"बराबर," मी म्हणालो.

आत भाकरी थापण्याचा आवाज येत होता. ते बोलायला लागले की तो थांबायचा आणि मी बोललो की पुन्हा सुरू व्हायचा. धाकट्यांची गाडी वळल्यावर ती पीठभरल्या हातानं दारात आली.

"दोघांनाबी हो म्हणालात?"

"मग काय म्हणणार?"

"बराबर केलं," ती म्हणाली आणि आत गेली.

निवडून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं ओसरीवर एक टेबल टाकलं. वर हिरवं कापड, त्यावर शाळेनं मला निरोपाच्या वेळी दिलेली जाड डायरी. "आता लोक येतील. तुम्ही इथं बसा. सगळ्यांचं ऐका. नाव लिहा, काम लिहा, कोणाच्या ओळखीनं आला ते बी लिहा. अन् न्हाई कोणालाच म्हणू नका."

मी बसलो. काय सांगू, त्या खुर्चीत काहीतरी होतं. पहिल्या आठवड्यात मी शर्टाला इस्त्री करून घ्यायला लागलो, दुसऱ्यात जाकीट शिवलं. "बघतो" हा शब्द तीन तऱ्हांनी म्हणायला शिकलो: नुसता, मान हलवून, आणि डोळे मिटून. डोळे मिटून म्हटलं की माणूस निवांत होऊन जायचा. बदल्या, रस्त्यांची कामं, परवाने, कोणाच्या साडूला नोकरी, सगळं मी डायरीत उतरवलं. महत्त्वाची कामं लाल शाईनं. लोक मला साहेब म्हणायला लागले. मी दोनतीनदा नको म्हणालो, मग सोडून दिलं.

कार्यक्रमांतही तेच. एका गावात शाळेच्या खोलीचं उद्घाटन होतं. मधली खुर्ची मला, बाजूची तिला. ती तिथंही बसली नाही. पार कडेला, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईजवळ जाऊन बसली आणि पूर्ण कार्यक्रमभर तिच्याशी कुजबुजत राहिली. मी शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. परत येताना जीपमध्ये मी म्हणालो, "भाषण बरं झालं ना? टाळ्या पडल्या चांगल्या."

"चांगल्या पडल्या," ती म्हणाली. "तिथं पोरांचा तांदूळ पंधरवड्यापासून आला न्हाई. माहीत होतं का?"

मला माहीत नव्हतं. ज्या शाळेत उभा राहून मी तासभर बोललो, तिथलं.

असे सहा महिने गेले. मग जालन्याला रस्त्यांच्या कामांची बैठक लागली. मी नेहमीप्रमाणे तिच्याबरोबर आत गेलो आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढली. अधिकारी नवीन होते, तरुण. त्यांनी माझ्याकडं बघून अदबीनं विचारलं, "आपण?"

मी घसा साफ केला. तेवढ्यात ती म्हणाली, "हे आमचे मिस्टर. मीटिंग होईपर्यंत बाहेर बसतील."

मी बाहेर बसलो. बाकड्यावर, शिपायाच्या शेजारी. शिपाई भला माणूस. त्यानं जागा दिली आणि विचारलं, "तुमचंबी काम आहे का आत?"

तासाभरानं दार उघडलं आणि आमच्याच तालुक्यातला एक ठेकेदार तांबडालाल होऊन बाहेर आला. हा गडी आठवड्यातून दोनदा आमच्या ओसरीवर चहा प्यायचा. मला बघून तो थेट अंगावर आला.

"गुरुजी, माझं नाव लिहिलं होतं ना तुम्ही डायरीत?"

"लिहिलंय. लाल शाईनं."

"मंग ताई आत काहून म्हणाल्या, याला नवं काम द्यायच्या आधी याचा जुना रस्ता खोदून बघा म्हणून?"

मी डोळे मिटून "बघतो" म्हणालो, पण या वेळी काही तो निवांत झाला नाही.

घरी आल्यावर ती मेथी निवडायला बसली. मी डायरी तिच्यासमोर ठेवली.

"ही तू कधी वाचतेस का?"

"रोज वाचते."

"खरं सांग."

"अहो, रोज वाचते. कोणाचं काम करायचं न्हाई, ते त्याच्यातूनच तर कळतं."

मी खाली बसलो. ती मेथीच्या काड्या बाजूला टाकत सावकाश समजावत होती, मी पूर्वी पोरांना हातचा घ्यायला शिकवायचो तशी. ज्यांना वाटतं की आमदार बाई असली तरी कारभार नवऱ्याचा, ते पुढच्या दारानं येतात. त्यांना जे पाहिजे असतं ते बहुतेक वाकडंच असतं. ज्यांची खरी नड असते, त्या बाया परसदारी येतात. "मागच्या दारी कोण येऊन बसतं, ते बघितलं का तुम्ही कधी?"

बघितलं नव्हतं. मी परसात जायचो फक्त आंघोळीला.

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "रागावू नका. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी तुमच्या तोंडावर दिसलं असतं. तुम्हाला खोटं वागता येत न्हाई. तुम्ही मनापासून ऐकलं, म्हणून तर सहा महिने कोणाला शंका आली न्हाई."

हे मात्र खरं होतं. आणि आता बसायचं की उठायचं, हे माझ्या हातात होतं. मी बसायचं ठरवलं. जाणूनबुजून बसण्यात जी मजा आली, ती आधीच्या सहा महिन्यांत नव्हती. थोरले एका तलाठ्याची बदली घेऊन आले. तलाठी सरळ होता, हीच त्यांची तक्रार. मी त्याचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि बाजूला चांदणी काढली. थोरले डायरीत डोकावून म्हणाले, "चांदणी कशाला?"

"खास कामाला काढतो," मी म्हणालो.

ते खूश होऊन गेले. तो तलाठी पुढं चार वर्षं तिथंच होता.

एकीकडं मी परसदारही बघायला लागलो. तिथं रोज सकाळी पाचसहा बाया जमायच्या, चुलीजवळ बसून चहा प्यायच्या आणि बोलायच्या. बायको पाटावर बसून शंभर पानी वहीत लिहायची. एक दिवस आमच्या गावातल्या शिलाईवाल्याची बायको आली. तिला सगळे चाची म्हणत. तिची सून ग्रामीण रुग्णालयात बाळंत झाली होती. चाची सांगत होती, "बहू को लेके गए बाई, तो बोले पानी घर से लाओ. मैं घागर लेके गई. दवाखाने में घागर लेके! लोगां हँस रहे थे."

बायकोनं त्यावर लेखी प्रश्न टाकला. सरकारचं छापील उत्तर आलं: रुग्णालयात पुरेसा पाणीपुरवठा उपलब्ध आहे. तिनं ते चाचीला वाचून दाखवलं. चाची म्हणाली, "फिर मेरी घागर में क्या था?"

त्या हिवाळी अधिवेशनाला मी नागपूरला गेलो होतो. वर प्रेक्षकांच्या सज्जात बसलो होतो, हातात टोपी. ती आतापर्यंत सभागृहात जेमतेम दोनदा बोलली असेल. तिचा विषय पुकारला गेला, ती उठली आणि पाणी नसल्याचं चार वाक्यांत सांगितलं. मंत्र्यांनी उभं राहून तेच छापील उत्तर वाचलं. पुरेसा पाणीपुरवठा उपलब्ध आहे. ती पुन्हा उठली.

"अध्यक्ष महोदय, मंत्री महोदयांनी एकदा आमच्याकडं बाळंतपणाला यावं. पाणी आहे का न्हाई, ते पहिल्याच दिवशी कळंल त्यांना."

आधी विरोधी बाकांवरचे हसले, मग आमचे, आणि शेवटी मंत्रीसुद्धा. हसताना त्यांचे कान मात्र लाल झाले होते. सज्जात हसायला बंदी असते. मी टोपी तोंडात धरली. ते वाक्य नंतर कामकाजातून काढून टाकलं, पण उन्हाळ्याच्या आत रुग्णालयात बोअर आणि टाकी झाली. चाची डबाभर सेवया घेऊन आली, आणि तो डबा तेवढा ओसरीवर, माझ्या टेबलावर ठेवून गेली.

आता माझ्या कामाचं सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी जांब समर्थच्या बाजूच्या एका वस्तीवर शेती करतो. तो ओसरीवर आला आणि म्हणाला, "गुरुजी, आमच्याकडच्या पोरी आठवीनंतर घरी बसून राह्यल्या. हायस्कूल लांब, जीपमध्ये पोरांच्या मांडीला मांडी लावून कोण पाठवणार? एक बस पाहिजे सकाळची."

मी सवयीनं डायरी उघडली आणि पेन थबकलं. यात लिहिलं म्हणजे काम मेलंच. तोंडी सांगावं, तर ती म्हणणार, ओसरीवरचा माणूस आहे. मी त्याला नुसतं "बघतो" म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून परसदारी जाऊन रांगेत बसलो.

माझ्या पुढं पाच बाया होत्या. एकजण पदर सावरत म्हणाली, "गुरुजी, तुम्ही पुढं व्हा."

"नाही, नंबरानं," मी म्हणालो.

बाया तोंडाला पदर लावून खुदुखुदू हसायला लागल्या. माझा नंबर आला. तिनं वहीतून मान वर केली, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"बोला. काय काम?"

"बाई, एक बस पाहिजे होती."

"कोणासाठी?"

"नववी-दहावीच्या पोरींसाठी."

"किती पोरी?"

"असतील पंधरा-वीस."

"असतील न्हाई. नावं आणली का?"

नावं आणली नव्हती.

"नावं घेऊन या, गावं लिहून आणा, मंग बघू. चला, पुढं कोण आहे?"

आयुष्यभर मी गृहपाठ न केलेल्या पोरांना असंच वर्गाबाहेर काढलं होतं. त्या सकाळी कळलं, बाहेर उभं राहणारं पोर कुठं बघतं ते. ते बुटांकडं बघतं. मी त्याच दिवशी मोटारसायकलवर वस्त्या फिरलो, पोरींची नावं, इयत्ता, घरापासून फाट्यापर्यंतचं अंतर, सगळं आखीव कागदावर माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत बसलो. तिनं कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"अक्षर छान आहे," म्हणाली, आणि वहीत लिहून घेतलं.

बस यायला चार महिने लागले. पहिल्या दिवशी फाट्यावर सगळी वस्ती आली होती. नारळ तिनं माझ्या हातात दिला. "हे काम तुमचं. तुम्ही फोडा." माझा पहिला फटका हुकला, दुसऱ्या फटक्याला नारळ घरंगळून बसखाली गेला. तो कंडक्टरनं वाकून काढला आणि स्वतःच फोडला, कारण त्याला वेळेवर निघायचं होतं. पोरी चढल्या. मागच्या खिडकीतून त्यातल्या दोघी आमच्याकडं बघून हात हलवत होत्या. मी रुमाल काढला. बायकोनं माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं.

पाच वर्षं संपली. एव्हाना थोरल्यांना आणि धाकट्यांना उमगलं होतं की गुरुजी कोणाच्याच कामाचे नाहीत. तीस वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेली ती दोन माणसं एका स्टेजवर आली, एकमेकांना पेढा भरवला, आणि आम्ही पडलो. फार मतांनी नाही, पण पडलो. धाकटे आमदार झाले.

मी रडलो. ती रडली नाही. ती दोन दिवस नुसती झोपली. जेवायला उठायची आणि परत झोपायची. मला काळजी वाटायला लागली. तिसऱ्या दिवशी बघतो तर परसात बसून वहीतली अर्धवट राहिलेली कामं नव्या वहीत उतरवून घेत होती, समास सोडून. ती वही घेऊन ती धाकट्यांच्या घरी गेली आणि त्यांच्या हातात दिली. "एवढी राहिली होती. तुमच्यानं होतील." धाकट्यांनी दोन्ही हातांनी घेतली म्हणे. त्यातली निम्मी त्यांनी केलीसुद्धा, हे मला सांगितलंच पाहिजे.

थोरले मात्र माझ्याकडं आले, भांडायलाच. ओसरीवर आता टेबल नव्हतं, आम्ही चटईवर बसलो.

"गुरुजी, पाच वर्षं तुम्ही मला उल्लू बनवलं."

"साडेचार," मी म्हणालो. "पहिले सहा महिने मीसुद्धा बनलो होतो."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. डायरी, चांदणी, सगळं. ते आधी माझ्याकडं बघत राहिले आणि मग असे हसले की ठसका लागला, आणि आतून तिला पाणी घेऊन यावं लागलं. तिच्या हातातून तांब्या घेताना ते म्हणाले, "ताई, तुम्ही माझ्या गटात पाहिजे होत्या."

"होते की," ती म्हणाली. "तुम्हीच तर तिकीट दिलं."

तेव्हापासून थोरले दर आठवड्याला येतात. काम काही नसतं. बसतात, गप्पा मारतात, जातात.

माजी झाल्यावर जीप गेली आणि आम्ही एसटीनं फिरायला लागलो. माजी आमदाराला एसटी मोफत, सोबत एकाला घेता येतं. बसमध्ये एक बाक विधानसभा सदस्यांसाठी राखीव असतो, त्यावर बहुधा कोणाची तरी कोथिंबिरीची गोणी असते. घनसावंगीहून जालन्याला निघालो होतो, कंडक्टर आला आणि मला म्हणाला, "साहेब, कार्ड?"

"कार्ड त्यांच्याकडं," मी म्हणालो. "मी सोबतचा."

त्यानं कार्ड उलटसुलट केलं, तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आमदार ह्या होत्या?"

"ह्याच होत्या," मागून एक आवाज आला. कोथिंबिरीची मालकीण होती. "अन् तुझी ही बस आमच्या फाट्यावर आणली ती बी ह्यांनीच. तिकीट फाड जल्दी."

मला वाटलं, आता आमचे निवांत दिवस आले. पण मागच्या निवडणुकीत गावानं सरपंचपदासाठी तिचं नाव काढलं. नातेवाईक म्हणाले, आमदार राहिलेल्या माणसानं ग्रामपंचायतीला उभं राहायचं म्हणजे हेडमास्तरानं परत पहिलीच्या वर्गात बसण्यासारखं आहे. मलाही तसंच वाटत होतं. ती म्हणाली, "तिथं प्रश्न विचारायचे अन् उत्तराची वाट बघत बसायचं. इथं लोक मला विचारतील, अन् मलाच उत्तर द्यावं लागंल. जमतंय का बघते."

ती निवडून आली. यावेळी गावातल्या बायांनी हार बरोबर तिच्या गळ्यात घातले. मी बाजूला उभा होतो आणि, खोटं कशाला बोलू, मान जरा मोकळी मोकळी वाटली.

परवाच्या ग्रामसभेत मी साधा गावकरी म्हणून उठलो आणि विचारलं की आमच्या गल्लीतली नाली तीन महिने तुंबलीय, त्याचं काय? ग्रामसेवक गालातल्या गालात हसले. सगळं गाव माना वळवून आमच्या दोघांकडं बघायला लागलं. सरपंचबाईंनी चष्मा वर केला.

"तुमच्या गल्लीच्या आधी खालच्या आळीचा नंबर आहे. तिथं पाणी घरात शिरून राह्यलं. लेखी अर्ज द्या."

अर्ज दिलाय. पोचही घेतली आहे. खालच्या आळीचं काम कालपासून सुरू झालंय, मी रोज सकाळी तिकडून एक चक्कर मारून येतो.